माई, आमचं लग्न खरं आहे हे तुम्ही दाखवून दिलंत

प्रिय माई,

साष्टांग नमस्कार.

कॅनडाच्या पर्मनंट रेसिडेन्सचा कागद आला, पासपोर्टवर व्हिसाही लागला. बातमी सांगायला त्याच दिवशी तुमच्याकडे धावत आले, तर तुम्ही "बरें जालें" म्हणालात आणि लगेच तांदूळ निवडायला बसलात. आभाराचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. म्हणून ते इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे. फोंड्यात काय, बार्देशात काय, सासष्टीत काय, नवरा बोटीवर, आखातात, इंग्लंडात नाहीतर कॅनडात आणि बायको इथे, अशी घरं गोव्यात गल्लोगल्ली आहेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांतल्या एखादीच्या वाचनात आलं, तर तिच्या चार झोपा वाचतील.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, पण बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमचं ठरवून झालेलं लग्न. हे कॅनडात एडमंटनला नोकरीला, तिथले पीआर, म्हणजे पर्मनंट रेसिडेंट, नागरिक नव्हेत. रजेवर आले, लग्न झालं, रजा संपली, गेले. कॅनडाचा नागरिक देशाबाहेर राहूनही बायकोला स्पॉन्सर करू शकतो, परत येऊन राहणार एवढं दाखवावं लागतं. पीआरला तशी मुभा नाही, त्याला तिथेच राहावं लागतं. म्हणजे हे इथे येऊन माझ्याबरोबर राहिले असते तर अर्जच करता आला नसता. आणि अर्ज केल्यावर प्रश्न येणार तो हाच, की नवराबायको आहात तर एकत्र का राहिला नाहीत? या एका गोष्टीने मी कितीतरी रात्री जागी असायचे.

अर्ज भरून बरेच महिने लोटले आणि फाईल तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं पत्र आलं. लग्नाच्या दाखल्यावरची तारीख मे महिन्यातली आणि लग्नाचे फोटो डिसेंबरातले, हे कसं? दाखल्यानंतर कित्येक महिने मुलगी माहेरीच का? काही कागदांवर बायकोचं नाव एक, पत्रिकांवर आणि पत्रांवर दुसरंच, हे का? एकत्र संसाराचा पुरावा एवढा थोडा का? उत्तर द्यायला मुदत दिली होती. त्या अधिकाऱ्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. खोटी लग्नं होतात, पैसे देऊन होतात, आणि त्यांच्यामुळेच खऱ्यांची झडती होते. तिथल्या इमिग्रेशन नियमांच्या चौथ्या कलमात दोन गोष्टी तपासतात: लग्न मुळात कॅनडात शिरण्यासाठीच केलं होतं का, आणि आज ते खरं आहे का. 2010 पासून यांतली एक जरी बाजू पडली तरी अर्ज नाकारता येतो. मधल्या काळात, 2012 ते 2017, नव्या जोडप्यांना तिथे पोचल्यावर दोन वर्षं एकत्र राहून दाखवण्याचीही अट होती. ती पुढे काढून टाकली. शंका काही त्यांनी उगीच घेतलेली नाही.

ते पत्र घेऊन आधी मी एका एजंटाकडे गेले होते. तो म्हणाला, नवऱ्याला आठ दिवस बोलावून घ्या, मिरामार, दूधसागर, दिवाडी फिरा, जागोजागी कपडे बदलून फोटो काढा आणि वेगवेगळ्या महिन्यांचे म्हणून लावा. खोटी माहिती दिली तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही, हे त्याने सांगितलं नाही. संध्याकाळी तुमच्या ओसरीवर येऊन मी हे बोलले तेव्हा तुमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आसा तें दाखय, नाशिल्लें करूंक वचूं नाका." आहे ते दाखव, नसलेलं करायला जाऊ नकोस. आणि मग तुम्ही चष्मा मागितलात, पत्र दोनदा वाचलंत, आणि माझ्याकडून कोरे कागद मागवून घेतलेत.

आयुष्यभर सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात नोकरी केलेल्या माणसाला जे दिसतं ते आम्हाला कुठून दिसणार! तारखांचं कोडं तुम्ही एका पानात सोडवलंत. गोव्यात लग्नाची नोंदणी सक्तीची, तीही पोर्तुगीज काळातल्या 1910 च्या विवाह कायद्यांप्रमाणे, आणि मुक्तीनंतर 1962 च्या कायद्याने ते तसेच चालू राहिले. आधी दोघांनी जाऊन लग्नाचा इरादा नोंदवायचा, ती पहिली सही. मग कार्यालयात नोटीस लागते, हरकतींची मुदत जाते, आणि साक्षीदारांसमोर दुसरी सही होते. कायद्याने त्या दिवशी लग्न लागलं. पण घरच्यांच्या लेखी अजून मुलगी माहेरचीच. भटजी, मुहूर्त, अक्षता झाल्याशिवाय तिला सासरी पाठवत नाहीत. आमच्या सह्या मे महिन्यात झाल्या, मग पाऊस, मग चातुर्मास, तुळशीचं लग्न झाल्यावर डिसेंबरातला मुहूर्त. आपल्याकडच्या कुणालाही यात काही वावगं दिसणार नाही. एडमंटनपलीकडे कुठल्याशा कार्यालयात बसलेल्या माणसाला मात्र सहा-सात महिन्यांची ती फट केवढी दिसली असेल! तुम्ही ते इतकं सरळ लिहिलंत की वकिलाने त्यात फक्त स्वल्पविराम बदलले.

नावाचंही तसंच. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि सासरी बोलावतात त्या नावाचा सरकारी कागदच नाही. तुम्ही विचारलंत, "ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहितानाचा फोटो आहे ना?" होता. फोटोग्राफरने काढला होता आणि आम्ही अल्बममध्येसुद्धा घेतला नव्हता, कारण त्यात ह्यांचं अर्धं डोकंच आलं होतं. तांदळावरची अक्षरं मात्र स्वच्छ वाचता येत होती. तो फोटो, खाली दोन ओळींचा खुलासा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर तो मुद्दा मिटला. लग्नपत्रिका मराठीत, तिचं इंग्रजी करायला हवं होतं, आणि भाषांतर अर्जदाराने किंवा नातेवाइकाने केलेलं चालत नाही. माझा भाऊ करून द्यायला बसलाच होता. तुम्ही त्याला थांबवलंत आणि भाषांतर करून वर प्रतिज्ञापत्र देणारा माणूस पणजीत शोधून दिलात.

पण माई, ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ती गोष्ट पुढची आहे. एकत्र संसाराचा पुरावा थोडा का, या प्रश्नावर मी गप्पच झाले होते. एकत्र संसार झाला होता तो मोजक्या दिवसांचा, त्याचा पुरावा आणणार कुठून? तुम्ही मला विचारलंत, "सासरे बांबोळीच्या इस्पितळात, गोमेकॉत होते तेव्हा रात्री कोण राहायचं?" मीच राहायचे. "कागदावर सही कुणाची?" माझी. बांबोळीच्या त्या कागदांवर रुग्णाशी नातं या रकान्यात माझ्या अक्षरात "सून" लिहिलेलं होतं, आणि ते कागद सासूबाईंनी औषधांच्या डब्यात घडी करून ठेवले होते. मग तुम्ही सक्सेशन डीड, म्हणजे वारसांची नोंद असलेला दस्त, मागितलंत. सासऱ्यांच्या पश्चात झालेल्या त्या डीडमध्ये प्रत्येक मुलाच्या नावाबरोबर त्याच्या बायकोचं नाव आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडे नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घरजमीन विकता येत नाही. हे तिथल्या अधिकाऱ्याला कोण सांगणार? तुम्ही सांगितलंत. आणि त्याच्याच मागे जोडलंत ह्यांनी तिकडून वकिलातीत साक्षांकित करून पाठवलेलं मुखत्यारपत्र. सख्खा भाऊ इथे असताना आपल्या वाट्याच्या सह्यांचा अधिकार ह्यांनी मला दिला होता. आम्हा दोघांच्या लेखी ती कामाची सोय होती. तुम्ही म्हणालात, "कागदावरच्या बायकोच्या हाती कोणी घर देत नाही." ते ऐकून मला रडू आलं होतं. तुम्ही उठून चहा टाकलात, तोपर्यंत मी सावरले होते.

व्हॉट्सअ‍ॅपचे ढीग घेऊन आले तेव्हाचंही आठवतं. संपर्काच्या पुराव्याची दहाच पानं आणि फोटो वीसच द्यायचे होते. मी गोड गोड मेसेज काढून ठेवले होते, वाढदिवसाचे, लग्नाच्या वाढदिवसाचे. तुम्ही ते बाजूला सारलेत आणि पावसाआधीच्या शाकारणीचं भांडण निवडलंत. छपरावर कौलं ठेवायची की पत्रे घालायचे, यावरून आमचं चार दिवस वाजलं होतं. सुताराचा आकडा, ह्यांनी पाठवलेले पैसे, मी पाठवलेला फुटक्या कौलांचा फोटो, ह्यांचं "तुला कळत नाही", माझं "मग तुम्हीच येऊन चढा वर", आणि दुसऱ्या दिवशी "जेवलीस का?" पैसे आल्याची बँकेची नोंद त्याच आठवड्यातली. मेसेजच्या वेळाही तुम्ही दाखवायला लावल्यात. हिवाळ्यात साडेबारा तासांचं अंतर, त्यामुळे माझ्या सकाळी सातच्या चहाला त्यांच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा, ते कामावरून घरी आलेले. दहाही पानांवर ती एकच वेळ पुन्हा पुन्हा येते. मला असलं काही सुचलंच नसतं. हे भांडण परक्या माणसाला वाचायला द्यायचं म्हणून मला संकोच वाटत होता, आणि तुम्ही म्हणालात की परक्याला आपण सुखी दिसायचं नाहीये, संसारात दिसायचंय.

तुम्ही दिलेलं साक्षीचं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नका. इतर नातेवाइकांच्या पत्रांत "आदर्श जोडपं", "एकमेकांवर जिवापाड प्रेम" असं होतं. तुमच्या पत्रात असलं एकही वाक्य नव्हतं. चवथीच्या दिवशी सकाळी अकराच्या आरतीला सुनेने मोबाईल माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीच्या, वाशाला दोरीने बांधला होता, मुलगा तिकडे रात्रीच्या साडेअकराला आंघोळ करून, धोतर नेसून उभा होता, आणि माटोळीत यंदा कांगलां, ती रानफळं, का नाहीत म्हणून त्याने सगळ्यांसमोर विचारलं, असं तुम्ही लिहिलंत. आणि सासऱ्यांच्या बाराव्याला तो येऊ शकला नाही तेव्हा दिवसभर फोन सुनेच्या हातात होता, हेही. तुम्ही पाहिलं तेवढंच लिहिलंत, तारखेसह, आणि खाली सही करून कुठल्या पदावरून निवृत्त झालात ते लिहिलंत.

एकदाच मी धीर करून विचारलं होतं की हे सगळं तुम्हाला एवढं कसं कळतं. तुम्ही म्हणालात, काका बोटीवर होते तेव्हा दहा दहा महिने येत नसत, आणि रेशनकार्डावर त्यांचं नाव राहावं म्हणून तुम्हालाही कचेरीत उभं राहून माणूस आहे हे सांगावं लागलं होतं. एवढं बोलून तुम्ही विषय बदललात. मीही पुन्हा काढला नाही. पण माझ्या फाईलवर तुम्ही बसलात त्या संध्याकाळी मला ते आठवत राहिलं, आणि आता जाण्याआधी मला एवढं सांगू द्या की मला ते समजलं.

पुढचं सगळं लवकर झालं. उत्तर गेलं, मेडिकलची वर्षाची मुदत संपली होती म्हणून ते पुन्हा करून घेतलं, आणि मग पासपोर्ट मागवणारा मेल आला. मुलाखतही घेतली नाही.

जाताना फाईलची झेरॉक्स तुमच्याकडे ठेवते आहे. पासपोर्टचे नंबर आणि बँकेचे आकडे काळे केले आहेत. खालच्या वाड्यावरची ती मुलगी, जिचा नवरा कॅल्गरीला आहे, तिला जरूर दाखवा. तिच्याही सह्या आणि अक्षता यांत पाच महिन्यांचं अंतर आहे आणि एजंट तिलाही फोटो काढायला सांगतो आहे. तिला माझा नंबर द्या, पण आधी तुमच्या ओसरीवर बसवा.

ह्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून तुमच्या भाचीकडे दिल्या आहेत. संपत आल्या की तिने मला कळवायचं असं ठरलं आहे, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमची,
वरच्या घरची सून