लिहायचं काम पाहिजे तर आधी पैसे काहून भरायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरच्या छोट्या जाहिरातींमधे, भाड्याची रूम अन् जुनी ॲक्टिवा विकणे याच्या मधात, एक जाहिरात होती, घरबसल्या लेखन-टायपिंग, गृहिणी व विद्यार्थी चालतील, महिन्याला अमुक हजार, खाली फक्त एक मोबाईल नंबर. ती वाचून माझ्या भाचीने फोन केला. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे, नंदनवनला राहते, हुशार पोरगी. रजिस्ट्रेशनचे अठराशे रुपये घेतले, स्कॅन केलेली पानं पाठवली, सात दिवसांत टाईप करून द्या म्हणे, अन् ९८ टक्के बरोबर पाहिजे. आता ती पानंच अशी धुरकट की ण आहे का ण्य आहे ते कळत नाही. पोरीने रात्र रात्र जागून केलं. आठव्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ, वर तराजूचं चित्र, की तुम्ही करार मोडला, साडेसहा हजार भरा नाहीतर कोर्टात केस होईल. तिने घरी कोणाला सांगितलं नाही, दोन दिवस जेवली नाही, मग मला फोन केला, मावशी मला अटक होईल का ग.

अटक बिटक काही होत नसते. आम्ही १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला, सायबरच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तो नंबर ब्लॉक केला, विषय संपला. अठराशे गेले ते गेलेच. पण मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा, म्हणून हे पत्र लिहून राहिले. मी स्वतः सात-आठ वर्षांपासून ऑनलाईन फ्रीलान्स लिहिते, त्याच्या आधी सीताबर्डीला एका प्रेसमधे डीटीपी करायची, लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणूक आली की जाहीरनामे. म्हणून पोरं मला विचारतात ताई सुरुवात कुठून करायची, अन् त्यांना वाटते कुठली तरी एक साईट आहे जिथं नाव टाकलं की काम चालू. त्या समजुतीवरच हे जाहिरातवाले जगून राहिले.

तर माझी सुरुवात कशी झाली ते सांगते, त्यात फुशारकीसारखं काही नाही. पुण्याच्या एका शेतीच्या ॲपवाल्यांना मराठीत लेख पाहिजे होते, शब्दाला ४० पैसे. पहिला लेख संत्र्याच्या आंबिया बहारावर, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलावर, सहाशे शब्द. म्हणजे २४० रुपये. मी नेटवरून चार ठिकाणचं वाचून मस्त गुळगुळीत लिहिलं अन् पाठवायच्या आधी काटोलला मामाकडे वाचून दाखवलं, त्यांची संत्र्याची बाग आहे. मामा तंबाखू मळत ऐकत होते. मधातच म्हणाले, "हे कोणं लिवलं? याले एक डाव बाग दाखव." मी लिहिलं होतं की बहार चांगला यायला झाडाला भरपूर पाणी द्या. अन् तिथं तर उलटं, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानं थोडी मलूल झाली की मग पाणी सोडतात, तेव्हा फूल फुटते. भारी जमिनीत ताण जास्त दिवस लागतो, हलक्या जमिनीत कमी. मग त्यांनी मला झाडाजवळ नेलं, खोडावर डिंक्या रोग कसा दिसतो ते नखाने खरवडून दाखवलं, बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, कुठपर्यंत लावायची ते हाताने मोजून दाखवलं. परत येऊन सगळा लेख फाडला अन् नवीन लिहिला. ॲपवाल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन केला की तुम्ही शेतकरी आहात का. पुढचे अकरा लेख मलाच, अन् सातव्या लेखापासून रुपया शब्द.

म्हणून पोरांना मी पहिले विचारते की तुला काय येते. लेखन येते हे उत्तर चालत नाही. घरी कपड्याचं दुकान आहे, बाबा रेल्वेत आहेत, आई नर्स आहे, स्वतः एमपीएससीचे तीन अटेम्प्ट दिलेत, तर त्यावर लिही, कारण तिथलं चूक-बरोबर तुला आतून कळते. नागपुरात राहून तर बोंबलायचं कारणच नाही, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था इथं, कापसाची इथं, पर्यावरणाची नीरी इथं. लोक घाबरतात तिथं फोन करायला, मी पण घाबरायची. पण नीट प्रश्न लिहून गेलं की माणसं बोलतात.

अन् सॅम्पल लागतात. काम नसतांना सॅम्पल कुठून आणायचे असं विचारतात, अरे तीन लेख स्वतःच लिही ना, कोणी सांगायची वाट कशाला, पाचशे-सातशे शब्दांचे, गूगल डॉकमधे ठेव अन् लिंक पाठव. युनिकोडमधे लिही मात्र, म्हणजे कोणाच्याही फोनवर मराठी मराठीच दिसते. मी प्रेसमधे श्रीलिपी या जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर वाढलेली, माझा हात त्याच कीबोर्डवर बसलेला, पहिल्यांदा एका क्लायंटला जुन्या फॉन्टमधली फाईल पाठवली तर त्याला दिसल्या नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या चिंध्या, त्याला वाटलं व्हायरस पाठवला बाईने. एका महिन्यात इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडचा कीबोर्ड, शिकले, रडत रडत. आजही कोणी "ऱ्हस्व" न अडखळता टाईप केला की मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

आता साईटींचं. अपवर्क, फायवर खोटं नाही, तिथं काम मिळते, पण फुकट काही नाही, फायवर तुमच्या कमाईतले २० टक्के कापते, अपवर्कवर अर्ज करायलाच कनेक्ट नावाचे टोकन लागतात, ते संपले की विकत घ्यावे लागतात. मग तुम्ही म्हणाल की हे पण पैसे भरणंच झालं. फरक एवढाच की तिथं कोणी म्हणत नाही की भरले म्हणजे काम नक्की, अन् क्लायंट कोण, त्याने आधी कोणाला किती दिले, हे दिसते. मला स्वतःला मात्र तिथून फार मिळालं नाही, इंग्रजीतली गर्दी मोठी. माझी चांगली कामं सरळ ईमेल करून मिळाली. ज्या कंपनीच्या वेबसाईटवर मराठी भयानक दिसली त्यांना दोन वाक्यं दुरुस्त करून पाठवायची, "आपण खात्यात प्रवेश करण्यात अयशस्वी झाला आहात" असलं काही असते ना, त्याच्या बाजूला "लॉगिन झालं नाही, पासवर्ड पुन्हा टाका". दहातल्या आठ जणांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी दिलं.

चॅटजीपीटी आल्यापासून, म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरनंतर, स्वस्तातलं काम गेलं हे खरं आहे, खोटं काहून बोलू. पन्नास पैसेवाले लेख आता कोणी देतच नाही. पण मशीनने लिहिलेलं मराठी दुरुस्त करायचं काम वाढलं, अन् ते कधी कधी नवीन लिहिण्यापेक्षा जास्त डोकं खाते, त्याचा रेट शब्दावर नाही, तासावर लावायचा.

पैशाचं कोणी शिकवत नाही म्हणून हे जरा जास्त लिहिते. नवीन क्लायंट असला तर अर्धे आधी, नाही जमत म्हणाला तर निदान छोटं काम करून पैसे आले की पुढचं. व्हॉट्सॲपवर ठरलं तरी त्याच दिवशी ईमेल टाकायचा, किती शब्द, किती रुपये, दुरुस्ती किती वेळा, पैसे कधी. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारच्या उद्यम पोर्टलवर सेवा म्हणून नोंदणी होते, ती एकदम फुकट आहे, २०२० पासून सुरू आहे, एजंट हजार रुपये मागतात ते देऊ नका. ही नोंदणी काम घ्यायच्या आधी केलेली असली अन् समोरच्याने पैसे लटकवले तर २००६ च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात काही लिहिलंच नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. मी एकदा फक्त हे एवढं वाक्य ईमेलमधे टाकलं, चार महिन्यांचे अडकलेले एकोणीस हजार तीन दिवसांत आले. कुठं तक्रार पण करावी लागली नाही.

टीडीएस, म्हणजे पैसे देतांनाच कापलेला टॅक्स, कापला की पोरं म्हणतात कंपनीने पैसे खाल्ले. तसं नसते. बऱ्याच कंपन्या १० टक्के कापतात, पॅन दिला नाही तर २० टक्के, पण रिटर्न भरलं अन् टॅक्स बसत नसेल तर परत येते. किती कापले ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दिसते.

अन् हक्क. १९५७ चा कॉपीराईट कायदा आहे, त्यात नोकरीवर नसलेल्या लेखकाचा लेख आधी लेखकाचाच असतो, लिहून दिल्याशिवाय तो दुसऱ्याचा होत नाही. लिहून दिलं पण किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर पाच वर्षं धरतात, कुठल्या देशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. त्यामुळे "सर्व हक्क कायमचे, जगभर" असं दिसलं की सही करायच्या आधी रेट वाढवून मागायचा. मी आधी वाचतच नव्हती. माझे चाळीसेक लेख कोणाच्या तरी नावाने फिरून राहिलेत, एक तर मला माझ्याच नणंदेने फॉरवर्ड केला, बघ किती छान लिहिलंय म्हणून.

तर संपादक साहेब, तुम्हाला दोन विनंत्या. छोट्या जाहिरातींच्या खाली "वाचकांनी खात्री करावी" असं मुंगीएवढ्या अक्षरात छापता, त्याने कोणाची भाची फसायची थांबत नाही. कामासाठी आधी पैसे मागणारी जाहिरात घेऊच नका, तुमच्या काउंटरवरच्या माणसाला एक प्रश्न विचारायला सांगा, उमेदवाराकडून काही रक्कम घेता का. हो म्हणाला तर जाहिरात परत. चार-पाच जाहिराती कमी होतील महिन्याला, त्या जागी रूमवाले येतील.

दुसरी थोडी अवघड आहे. तुमच्या पुरवणीत नवीन पोरापोरींकडून लेख मागवतात, नाव अन् फोटो छापतात, मानधन नसते. नाव छापून आलं की आईबाबा कात्रण फ्रेम करतात हे मला माहीत आहे, माझ्या आईने पण केलं होतं. तरी शंभरच रुपये द्या. पण द्या, अन् बँकेत द्या. पोरीला पहिल्यांदा कळेल की लिहिलं की पैसे येतात, अन् मग कोणी अठराशे मागितले तर तिचा हात आपोआप थांबेल.

भाची आता मामांकडे काटोलला गेली आहे चार दिवस, मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलाची, फूट पाहायला. तिला कळवलंय की सॅम्पल तिथूनच लिहून आण.

आपली नियमित वाचक,
मानेवाडा रोड, नागपूर

ता.क. दिवाळीच्या पुरवणीत माझा फराळाच्या तेलावरचा लेख छापला होता, त्याचं मानधन कबूल झालं होतं. ४५ दिवस कधीच होऊन गेले. बिल पुन्हा पाठवलंय, अकाउंट्सवाल्यांना तेवढं बघायला सांगा.