पावसाळ्यातले चार महिने आमच्या मुलींना हॉल द्या

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींना हॉकी शिकवते. अर्ज-विनंत्या करून झाल्या, आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

2025 च्या फेब्रुवारीत क्रोएशियातल्या पोरेच या समुद्रकाठच्या गावात महिलांचा इनडोअर हॉकीचा, म्हणजे बंद हॉलमध्ये खेळायच्या हॉकीचा, विश्वचषक झाला. पोलंडच्या मुलींनी अंतिम सामन्यात ऑस्ट्रियाला हरवलं आणि पहिल्यांदाच तो चषक नेला. 2003 साली लाइपझिगला ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून सहा वेळा जर्मनी आणि नेदरलँड्स यांनीच तो आलटून पालटून जिंकला होता. झालेल्या सातही स्पर्धांत भारताच्या मुली कुठेच नव्हत्या.

पोलंड आणि ऑस्ट्रिया ही नावं वाचून मला 1980 चं मॉस्को आठवलं. महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती तेव्हा. सहाच संघ होते. भारत चौथा आला, ऑस्ट्रिया पाचवा, पोलंड सहावा. त्या भारतीय संघात आपल्या पुण्याच्या एलायझा नेल्सन होत्या. पुढे 1982 च्या एशियाडमध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली आपण सुवर्णपदक मिळवलं. आपल्या मागे असलेले दोन देश आज इनडोअरच्या विश्वचषकाची फायनल खेळतात. साहेब, हे मला मनापासून लागलं.

युरोपात हिवाळ्यात टर्फवर खेळणं कठीण होतं, म्हणून तिथले क्लब काठ्या घेऊन सरळ हॉलमध्ये शिरतात. जर्मनीत तर हॉलमधल्या सामन्यांची वेगळी राष्ट्रीय लीग आहे. त्यांना थंडी आडवी येते, आम्हाला पाऊस. जून ते सप्टेंबर आमचं मैदान म्हणजे नुसता चिखल. चेंडू दोन हात जातो आणि रुततो. मुली घरी बसतात, ऑक्टोबरमध्ये परत येतात तेव्हा हात जड झालेले असतात. काही येतच नाहीत. दहावीचं वर्ष, घरचं काम, लांबचा रस्ता. एकदा सवय तुटली की मुलीला मैदानावर परत आणणं किती अवघड असतं, हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा.

आता हॉलचं मोजमाप सांगते, कारण माझी सगळी मागणी त्यावर उभी आहे. इनडोअर हॉकीचं मैदान 36 ते 44 मीटर लांब आणि 18 ते 22 मीटर रुंद. हँडबॉलचं कोर्ट 40 बाय 20. गोलपोस्ट हँडबॉलचा आणि इनडोअर हॉकीचा एकाच मापाचा, 3 मीटर रुंद, 2 मीटर उंच. म्हणजे जिथे हँडबॉलचा हॉल आहे तिथे हॉकीसाठी वेगळं बांधकाम लागत नाही. लागतात त्या फक्त चेंडू आत ठेवायला दोन्ही बाजूंना 10 सेंटिमीटर उंचीच्या लाकडी फळ्या. त्या गावातला सुतारही करून देईल.

मागच्या पावसाळ्यात आम्हाला एका हॉलमध्ये दोन तास मिळाले होते. कोर्ट पुरतं नव्हतं, तरी सागवानाच्या पट्ट्या भिंतीलगत मांडून आम्ही खेळलो. गोलकीपर धरून एका बाजूला सहा जणी. या खेळात काठी उगारून फटका मारायचा नसतो, फक्त पुश, म्हणजे काठीने चेंडू ढकलायचा. गोलवर मारतानाच काय तो चेंडू उचलायचा, एरवी तो जमिनीलगतच. सातवीतली एक पोर, मैदानावर नेहमी चेंडू लांब ढकलून मागे धावणारी. इथे लांब ढकलायला जागाच नाही. पहिली दहा मिनिटं तिचा चेंडू सारखा हिसकावला गेला. मग ती गुडघ्यात वाकली, काठी जमिनीवर आडवी टेकवली, समोरच्या मुलीच्या पायाजवळून चेंडू फळीवर आपटला आणि पलीकडे जाऊन स्वतःच घेतला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. फळीचा तो ‘टक्’ आवाज आणि त्यामागून तिचं ओरडणं अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या आठवड्यात हॉल कार्यक्रमासाठी दिला गेला. नंतर सांगितलं, हॉकीने फरशी खराब होते. ज्या खेळात फटकाच नाही, त्याने फरशी कशी खराब होईल? खाली रबरी तळव्याचे बूट घालायचे, एवढीच काळजी.

आपल्या मुलींच्या अंगात हे नाही, असं कुणी म्हणू नये. जानेवारी 2024 मध्ये मस्कतला हॉकी फाइव्हजचा, म्हणजे पाच-पाच जणींच्या हॉकीचा, पहिला विश्वचषक झाला. तिथेही मैदान लहान, कडेला फळ्या. भारताच्या मुलींनी रौप्य मिळवलं, आणि त्या संघात साताऱ्याच्या अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ होत्या. अंतिम सामन्यात नेदरलँड्सने आपल्याला 7-2 ने हरवलं. त्या डच मुली लहानपणापासून हिवाळे हॉलमध्ये काढतात, फरक मला तिथे दिसतो.

म्हणून मागते ते थोडकं आहे. ज्या जिल्हा क्रीडा संकुलांत हँडबॉलच्या मापाचा हॉल आहे, तिथे जून ते सप्टेंबर आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलींच्या हॉकीला लेखी राखून द्या. तोंडी आश्वासन लग्नसराईत टिकत नाही. प्रत्येक ठिकाणी फळ्यांचा एक संच द्या. पावसाळा संपताना बालेवाडीला राज्याची इनडोअर स्पर्धा भरवा, आणि ती दोन-तीन वर्षं नीट झाली की एखादा परदेशी संघ तिथे बोलवा. गावातल्या दिवे असलेल्या हॉलमध्ये सराव असला की आया मुलींना सातपर्यंत सोडतात, हेही लक्षात घ्या. नदीकाठच्या मैदानावर त्या पाचनंतर थांबू देत नाहीत.

हॉल राखून देण्याचा लेखी आदेश मेअखेरीस निघाला, तर माझ्याकडच्या बावीस मुली 1 जूनला हॉलच्या दारात उभ्या असतील. फळ्या आम्ही जपून ठेवल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक हॉकी प्रशिक्षक