पद्मावतीच्या नामावलीतून गाळलेली नावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

श्रावणातल्या शुक्रवारी बोरिवलीतील आम्ही काही मराठी जैन कुटुंबे पद्मावतीमातेची ओटी भरतो आणि तिची नामावली म्हणतो. यंदा त्यासाठी वाटलेल्या नव्या पुस्तिकेत ‘त्रिपुरा’ आणि ‘त्रिपुरभैरवी’ ही नावे दिसली नाहीत. छापणाऱ्यांकडे चौकशी केली असता, ‘ही शाक्तांची (म्हणजे शक्तीच्या हिंदू उपासकांची) नावे, आपली नव्हेत, म्हणून काढली’ असे उत्तर मिळाले.

मल्लिषेणांनी अकराव्या शतकात रचलेल्या ‘भैरवपद्मावतीकल्प’ या संस्कृत ग्रंथात तोतला, त्वरिता, नित्या, त्रिपुरा, कामसाधिनी आणि त्रिपुरभैरवी ही सहा नावे देवीचीच म्हणून दिली आहेत. मल्लिषेण दिगंबर आचार्य होते. या नावांचे शाक्त नाते त्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. आणि परकेपणा हीच कसोटी लावायची, तर आचार्य जिनसेनांच्या जिनसहस्रनामाचे, म्हणजे जिन भगवंतांच्या हजार नावांच्या स्तोत्राचे, काय करणार? त्याच्या आरंभीच भगवंतांना ‘स्वयंभू’, ‘शंभव’ आणि ‘शंभु’ म्हटले आहे. आपण रोज म्हणतो त्या भक्तामर स्तोत्रात तर मानतुंगाचार्य पहिले तीर्थंकर आदिनाथ यांना बुद्ध, शंकर, धाता आणि पुरुषोत्तम अशी हाक मारतात, आणि ती का मारली याचे कारणही त्याच श्लोकात देतात. नाव शेजारच्या घरातले असले, तरी त्याचा अर्थ स्तोत्रकार आपल्या सिद्धांताप्रमाणे लावतो, ही जुनी रीत आहे.

पद्मावतीबाबत तो अर्थ संदिग्धही नाही. ती तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांची शासनदेवी, म्हणजे त्यांच्या शासनाची रक्षक देवता आहे. वेरूळच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथांचा वैरी कमठ याचा उपसर्ग (छळ) चालू असताना ती ध्यानस्थ भगवंतांवर छत्र धरून उभी दिसते. त्रिपुरा म्हटल्याने तिच्या हातातले छत्र सुटत नाही. तिच्याकडे मोक्ष मागायचा नसतो, हे माझ्या आईला संस्कृत न शिकताही कळत होते. शासनदेवतांची पूजाच ज्यांना मान्य नाही, त्यांनी नामावली म्हणू नये. त्यांची भूमिका मी समजू शकतो. मात्र म्हणणाऱ्यांसाठी छापायची आणि त्यांना न सांगता कातरायची, हे योग्य नव्हे.

गंमत म्हणजे, इतकी चाळणी लावलेल्या या पुस्तिकेत ‘पद्मावत्यै नमः’च्या जागी ‘पद्मावती नमः’ आणि ‘त्वरितायै’च्या जागी ‘त्वरिते’ असे छापून गेले आहे. चतुर्थी विभक्तीची ही साधी दुरुस्ती कोणाला सुचली नाही. नवी आवृत्ती काढणाऱ्यांनी मूळ पाठ तसाच ठेवावा, शब्द योग्य ठिकाणी तोडावेत आणि प्रत्येक नावाखाली मराठीत एका ओळीचा अर्थ द्यावा, अशी विनंती आहे. एखादे नाव वादग्रस्त वाटले, तर तळटीप लिहावी. तोवर आमच्याकडच्या प्रतींत आम्ही ती दोन नावे पेन्सिलीने समासात लिहून घेतली आहेत.

आपला,
एक वाचक, बोरिवली (पूर्व), मुंबई