सुमे, ती कावीळ नव्हती

सातारा
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सुमे,

हे फोनवर बोलायला घेतलं तर मी रडत बसेन, म्हणून लिहितेय. ‘डेली डोस ऑफ सनशाईन’ या कोरियन मालिकेचा बारावा, शेवटचा भाग आत्ताच संपला. तू ती पाहू नकोस असं मी म्हणाले होते ना, ते मागे घेते. फक्त एकटी पाहू नकोस. सोवानचं जे होतं, ते बघताना शेजारी कुणीतरी हवं. वर्षानुवर्षं सरकारी नोकरीची परीक्षा देत राहिलेला मुलगा तो. आपल्या एमपीएससीच्या पोरांचेच चेहरे समोर येत होते. मनोरुग्णांच्या वॉर्डातून बरा होऊन घरी जातो, परत अभ्यासाला बसतो, आणि आयुष्य संपवतो. त्याला जपणारी नर्स दाउन त्यानंतर कोलमडते. तिला दवाखान्यात ठेवायला तिची आईच परवानगी देते. तिथे मला तुझा दादा आठवला, सही करताना हात थरथरत होता त्याचा.

मालिका २०२३ च्या नोव्हेंबरात आली. मूळ कोरियन नावाचा अर्थ आहे, मनोरुग्णांच्या वॉर्डातही सकाळ होते. त्या वॉर्डात खिडक्यांना पडदे नाहीत, म्हणून तिथं सगळ्यांत आधी उजाडतं. पडदे का नसतात, हे तुला मी सांगायला नको. ज्या वेबटूनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेवरून, ही बेतली, ते लिहिणारी स्वतः अशा वॉर्डात नर्स होती, आणि ते जाणवतं. दाउनच्या मित्राला, यूचानला, घाबरल्याचा झटका येतो तेव्हा भोवती पाणी चढत जातं, पार नाकातोंडापर्यंत. ‘छातीत पाणी भरल्यासारखं होतं गं,’ असं तू म्हणाली होतीस. मी तुला ईसीजी काढायला नेलं होतं.

पण खरं सांगायचंय ते शेवटाबद्दल. दाउन बरी होऊन त्याच वॉर्डात कामावर येते आणि रुग्णांचे नातेवाईक उठतात. जी स्वतः अशा दवाखान्यात राहून आली, तिच्या हवाली आमचं माणूस कसं करायचं? ज्यांच्या घरात तेच दुखणं आहे, ती माणसं हे बोलतात! मोठ्या सिस्टर, सोंग ह्योशिन, तिच्या पाठीशी उभ्या राहतात. त्यांच्या सख्ख्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. लोकांची नजर कशी असते हे त्यांना घरातूनच ठाऊक.

त्या नातेवाइकांचा मला संताप आला, आणि मग मी काय केलं होतं ते आठवलं. तू ॲडमिट होतीस तेव्हा तुझ्या शाळेत फोन करून कावीळ झाल्याचं मीच सांगितलं. तुझ्या भल्यासाठीच, असं मला वाटलं होतं. तू रुजू झालीस त्या दिवशी सगळ्या बाई तुझ्यासाठी उसाचा रस घेऊन आल्या. तेलकट खाऊ नका, तिखट खाऊ नका, कुणी गावठी औषधाचा पत्ता दिला. मी तुला न्यायला आले होते, दारातून बघत होते. तू स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून खाली मान घालून रस पीत होतीस. त्या आजारातून उठून, पहिल्याच दिवशी, माझं खोटं सांभाळत. सुमे, मला माफ कर. लपवण्यासारखं काही आहे, हे तुला पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर ते मी.

शेवटी मालिका म्हणते, की आपण सगळेच नॉर्मल आणि ॲबनॉर्मलच्या सीमेवर राहणारी माणसं. मला हे पुरतं पटलं नाही. सगळेच थोडे थोडे आजारी म्हटलं की तुझे ते सहा आठवडे उगाच लहान होतात. मी त्यांतून गेलेली नाही. मी फक्त भेटीच्या वेळेत डबा घेऊन येत होते. पटलं ते वेगळंच, दाउनची वही. रोज स्वतःला शाबासकी द्यायची, अगदी बारीकसारीक गोष्टीबद्दल, आणि ती लिहून ठेवायची. तुझी निळी वही अजून चालू आहे का? ‘आज केस धुतले’ एवढंच लिहिलेलं पान तू मला दाखवलं होतंस. त्या एका ओळीला तुला अख्खा दिवस लागला होता.

कुणाला काय सांगायचं ते आता तुझं तू ठरव. कुणालाच नाही सांगायचं, तरी चालेल. पण मला कुणी विचारलं तर मी ‘तिलाच विचारा’ म्हणेन, कावीळ म्हणणार नाही.

शनिवारी पहिल्या एसटीने येते. दुपारी दोन भाग बघू, फार तर तीन. तुझी गोळी नऊची ना? त्याच्या आत टीव्ही बंद करू.

तुझीच,
मीना