घूं घालवायला अर्थिंगची पिन तोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरी ॲम्प्लिफायर आणला, स्पीकरमधून ‘घूं’ यायला लागली आणि दुकानदाराला किंवा वायरमनला विचारलं, की सर्रास एकच सल्ला मिळतो : प्लगची वरची जाड पिन काढून टाका. पिन काढल्यावर आवाज बहुधा जातो. म्हणून तर हा सल्ला इतका पसरला आहे. पण तीन पिनांच्या ॲम्प्लिफायरची धातूची बॉडी त्याच पिनेतून अर्थिंगला जोडलेली असते. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा फेजची वायर सुटून बॉडीला टेकली, तर अर्थिंगमुळे फ्यूज उडतो किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. पिन नसेल तर २३० व्होल्ट बॉडीवर तसेच राहतात आणि केबलच्या जाळीतून टर्नटेबल, हेडफोनपर्यंत पोचतात. हा सल्ला देणं दुकानदारांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी ताबडतोब थांबवावं, एवढ्यासाठी हे पत्र.

घूं कुठून येते हे दहा मिनिटांत शोधता येतं. आवाज स्पीकरमधून न येता डब्यातूनच येत असेल, तर ट्रान्सफॉर्मर थरथरतो आहे. केबल बदलून काही होणार नाही. घरात हेअर ड्रायर अर्ध्या स्पीडवर लावला की टोरॉइडल (गोल कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तोही यातलाच प्रकार. आवाज स्पीकरमधूनच असेल तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी तेवढाच राहिला, तर संशय पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर. हा आवाज १०० हर्ट्‌झचा आणि जरा कर्कश असतो. जुन्या सेटमध्ये हे कपॅसिटर सुकलेले असतात. व्हॉल्यूमबरोबर घूं कमी-जास्त होत असेल, तर सेट बंद करून इनपुटच्या सगळ्या केबल काढा आणि एकेक जोडत पाहा. बहुतेक वेळा चोर सापडतो तो सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबल टीव्हीची वायर किंवा कॉम्प्युटर. केबलवाल्याच्या वायरची जाळी दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली असते, तुमचा ॲम्प्लिफायर घरच्या अर्थिंगला असतो. दोन्हींतला फरक ऑडिओ केबलमधून वाहतो आणि ऐकू येतो. उपाय त्या वायरवर करायचा : केबल टीव्हीच्या लाइनमध्ये आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण जाळीची जोडणी तोडणारा) घाला, कॉम्प्युटर असेल तर आरसीए केबलमध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घेतली तरी पुष्कळ फरक पडतो.

तज्ज्ञाला विचारण्याआधी सॉकेटवरचे तीन आकडे मल्टिमीटरने मोजून घ्यावेत, वायरमनकडूनच मोजून घेतले तर उत्तम : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. न्यूट्रल-अर्थमध्ये तीस-चाळीस व्होल्ट दिसले, तर अर्थिंगची वायर बहुधा कुठेच जोडलेली नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेट तीन पिनांचं दिसतं, पण मागे वायरी दोनच असतात. तिथे हजारो रुपयांची पॉवर केबल लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तेवढ्या पैशांत अर्थिंग नीट करून ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसतो.

व्होल्टेज संध्याकाळी एकदा आणि मध्यरात्रीनंतर एकदा मोजा. लोड उतरला की ते चढतं. २२० लिहिलेल्या जुन्या सेटला २४५ मिळाले, तर आतली ४५ व्होल्टची रेल (सर्किटला मिळणारा डीसी सप्लाय) ५० वर जाते आणि ५० व्होल्टचा कपॅसिटर काठावर येतो. याहून मोठा धोका सोसायटीचा न्यूट्रल तुटण्याचा आहे. तेव्हा घरात ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात. त्यासाठी मेन बोर्डवर ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज फार चढलं-उतरलं की वीज तोडणारा) हवाच. रिलेवाला साधा स्टॅबिलायझर टप्पे बदलताना खटखटतो, म्हणून व्होल्टेज खरोखर हलत असेल तरच तो घ्यावा. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचाच.

माळ्यावरचा जुना सेट थेट प्लगला लावू नये. त्याच्या फेजमध्ये १०० वॉटचा तारेचा बल्ब सीरिजमध्ये जोडून मगच चालू करावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार घालणं हा आग लागण्याचा सरळ रस्ता आहे. त्याच आकड्याचा फ्यूज घाला, आणि जुन्यावर ‘टी’ (उशिरा उडणारा) असेल तर नवाही ‘टी’चाच.

आता परदेशातून आणलेल्या सेटबद्दल. अमेरिकेचा सेट १२० व्होल्टचा, जपानचा १०० चा, आणि बाजारात दोन्हींसाठी २३०/११० चा एकच ट्रान्सफॉर्मर पुढे केला जातो. घरी २५० व्होल्ट आले की तो जवळपास १२० देतो. अमेरिकन सेटला ते चालतात, जपानीला २० टक्के जास्त होतात आणि सेट तापून जातो. शिवाय फक्त ६० हर्ट्‌झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर आणखी तापतो, म्हणून मागची प्लेट आधी वाचावी. ट्रान्सफॉर्मर प्लेटवरच्या वॉटच्या किमान दीडपट व्हीएचा (व्होल्ट-ॲम्पिअर, म्हणजे त्याची क्षमता) घ्या. तो ऑटो (दोन्ही बाजूंना एकच सामाईक वाइंडिंग असलेला) नको, दोन वेगळ्या वाइंडिंगचा, म्हणजे आयसोलेशनचा घ्या. ऑटोची सामाईक वाइंडिंग तुटली की सेटला पूर्ण २३० मिळू शकतात. सेटच्या मागचा ‘जीएनडी’ स्क्रू टर्नटेबलच्या वायरसाठी असतो, त्याला घराची अर्थिंग समजू नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या पासोड्या विठोबापर्यंतच्या विक्रेत्यांना विनंती आहे, की ट्रान्सफॉर्मर विकताना बिलावर दोन्ही बाजूंचे व्होल्ट, व्हीए आणि ‘ऑटो’ की ‘आयसोलेशन’ हे लिहून द्यावं. गिऱ्हाईकानेही ते लिहून मागावं.

– एक ॲम्प्लिफायर दुरुस्तीकार, पुणे