मंत्रालयातल्या फायलीमागे माझ्यासाठी हिंडलेल्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. आई पेढे घेऊन आली तेव्हा तुम्ही पेढे घेतलेत, आणि आभाराचा शब्द निघताच सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा विषय काढलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. तुम्ही जे केलंत ते अर्ज, पोच, आवक क्रमांक अशा कागदांमधलं काम होतं. त्याचं कुणी कौतुक करत नाही. पण ते झालं नसतं तर मी आज माझ्या नवऱ्याबरोबर एका घरात राहत नसते, आणि हे लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी अडचण सांगते. २०१५ साली मी पोस्टडॉक म्हणून ओहायोतल्या कोलंबसला आले ती जे-१ व्हिसावर. हा व्हिसा देवाणघेवाणीचा. पाहुण्याने यावं, शिकावं, शिकवावं आणि शिकलेलं आपल्या देशात घेऊन जावं, हा १९६१ च्या कायद्यामागचा हेतू, आणि तो हेतू चांगला आहे असं मी आजही म्हणते. म्हणूनच काही जणांच्या व्हिसावर अमेरिकी इमिग्रेशन कायद्यातल्या कलम २१२(ई) ची अट लागते. कार्यक्रम संपल्यावर एकूण दोन वर्षं मायदेशी राहायचं. तोवर नोकरीचा एच-१बी व्हिसा नाही, एल नाही आणि ग्रीन कार्डही नाही. माझं जीवशास्त्रातलं क्षेत्र तेव्हा भारतासाठीच्या 'स्किल्स लिस्ट'मध्ये, म्हणजे मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांच्या यादीत होतं, म्हणून डीएस-२०१९ या जे-१ च्या पात्रतेच्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात ती खूण झालेली होती आणि व्हिसावरही तसं छापलेलं होतं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आम्ही लग्न केलं. ओहायोत लग्नाचा परवाना प्रोबेट कोर्टातून मिळतो, तो घेऊन साधं लग्न. नवरा जन्माने अमेरिकी नागरिक. ओळखीतले सगळे म्हणाले, आता काय, झालंच तुझं काम. आणि एरवी ते खरंही आहे. नागरिकाच्या जोडीदाराला रांगेत थांबावं लागत नाही, आय-१३० हा नात्याचा आणि आय-४८५ हा ग्रीन कार्डचा, असे दोन्ही अर्ज एकत्र भरता येतात. पण २१२(ई) ची अट लग्नाने सुटत नाही. ती उभी असताना आय-४८५ भरला तर तो नामंजूरच होतो. विद्यापीठाच्या परदेशी विद्वानांच्या कचेरीतल्या बाईंनी माझा डीएस-२०१९ उलटापालटा करून बघितला आणि अगदी हळू आवाजात मला हे सांगितलं. त्यांचेही मी इथेच आभार मानते.

अट माफ करून घ्यायचे थोडेच मार्ग. नवऱ्यावर असाधारण संकट येईल हे सिद्ध करायचं, म्हणजे तो माझ्याबरोबर भारतात आला तरी येईल आणि इथे एकटा राहिला तरी येईल, असं दोन्ही बाजूंनी. वकीलबाई म्हणाल्या, तुमच्यासाठी तो रस्ता खडतर आहे, आधी तुमच्या सरकारचं 'ना हरकत' मिळतंय का बघा. त्या 'ना हरकती'साठी तेव्हा भारतीय वकिलातीला तीन ठिकाणची प्रमाणपत्रं लागत. दिल्लीच्या शास्त्री भवनातलं मनुष्यबळ विकास मंत्रालय, आपल्या राज्याचा गृह विभाग आणि प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय. या कागदाला इथली मुलं 'नोरी' म्हणतात. ही मुलगी परत यायला बांधील नाही, असं सरकारने लिहून द्यायचं.

आणि ते लिहून घ्यायला जायचं कुणी? मी कोलंबसला. बाबा गेलेले. घरात आई एकटी, जी आयुष्यभर बँकेच्या पासबुकातली नोंदसुद्धा बाबांकडून करून घेत आलेली. काका, त्या रात्री फोनवर आई म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या भाऊजींना विचारते, ते मंत्रालयात होते ना." मी संकोचले. तुम्ही कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, गुडघे दुखतात म्हणून जिने टाळणारे. आमचं तुमचं नातं म्हणजे गणपतीचा प्रसाद आणि दिवाळीचा फराळ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचाच फोन आला, आणि तुम्ही पहिली गोष्ट विचारलीत ती अशी: "तुला स्कॉलरशिप कुणी दिली होती? भारत सरकारने काही पैसे दिले होते का? बॉण्ड लिहून दिलास का कुठे?" मी नाही म्हटलं. "मग अडायचं काही कारण नाही. कागद सरळ आहे. सरळ कागदाला वेळ लागतो, पण तो होतो."

त्याआधीचे कित्येक आठवडे मला एवढं स्पष्ट वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं.

पुढचं मला आईकडून तुकड्यातुकड्याने कळलं, आणि ते मी इथे सविस्तर लिहिणार आहे, कारण मोलाचं तेच आहे. तुम्ही आईसाठी अर्ज लिहून दिला नाहीत. तुम्ही तिला लिहायला बसवलंत. विषय एका ओळीत. संदर्भ त्याखाली. मजकूर एका पानाच्या वर जाऊ द्यायचा नाही. शेवटी सोबतच्या कागदांची यादी, एकेकाला क्रमांक, आणि त्याच क्रमाने कागद लावलेले. प्रत्येकाच्या दोन प्रती. एक त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच म्हणून परत आणायची. आवक क्रमांक तिथल्या तिथे वहीत उतरवायचा. आणि जे वाक्य आई अजूनही सगळ्यांना सांगते ते: "वहिनी, 'माझं काम कधी होईल' असं विचारायचं नाही. 'फाईल कुठल्या कार्यासनाकडे आहे' असं विचारायचं. पहिल्याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं, दुसऱ्याचं वहीत लिहिलेलं असतं."

जून २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागली तेव्हा तुम्ही नोकरीत होता. दुय्यम प्रत ठेवण्याची शिस्त तुमच्यात आधीपासूनच होती, पण त्यानंतर ती पक्की झाली, असं तुम्ही आईला म्हणालात. जळालेल्या कागदांमागे कुणाची पेन्शन होती, कुणाची जमीन होती, हे तुम्हाला माहीत होतं. माझ्या फायलीची तिसरी प्रत तुम्ही आपल्या कपाटात का ठेवलीत ते मला तेव्हा समजलं.

पहिल्या वेळी तुम्ही आईबरोबर गेलात. डोंबिवलीहून सीएसएमटी, तिथून बस, गार्डन गेटजवळच्या खिडकीवर दुपारी पाससाठी रांग. आईने डबा नेला होता, तो तुम्ही दोघांनी बाकावर बसून खाल्लात. आत गेल्यावर तुम्ही जुन्या ओळखी काढल्या नाहीत. ओळखीचे चेहरे भेटले, चहा झाला, पण अर्ज टपाल शाखेतच दिलात, इतर सगळे देतात तिथेच. आईने विचारलं, ओळख आहे तर वर जाऊन सांगूया का? तुम्ही म्हणालात, "मी खुर्चीवर असताना माझ्याकडे कुणी असं आलं तर मला राग यायचा." काका, हे मी मुद्दाम लिहिते आहे. याच सुमारास एका दलालाने आईला 'सगळं करून देतो' म्हणून भली मोठी रक्कम सांगितली होती, आणि खरं तर मी ती द्यायला तयार होते. तुम्ही नको म्हणालात. जे आपल्याला कायद्याने मिळतं त्याचे पैसे देऊ नयेत, एवढंच म्हणालात. आई द्यायला निघाली असती तरी तुम्ही आमच्यावर रागावला नसतात, हेही मला माहीत आहे.

मग पोलीस पडताळणी आली आणि सगळं थांबलं. अहवाल एका कार्यालयातून निघाला होता, पण दुसऱ्या कार्यालयात तो पोचल्याची नोंद नव्हती. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी खरं बोलत होती. माझ्याकडे इथे वेगळीच घाई चालू होती. जे-१ वर संशोधकाला जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतात, आणि माफीची शिफारस एकदा झाली की मुदत पुढे वाढवता येत नाही. म्हणून वकीलबाईंनी आधी मुदत पूर्ण वाढवून घ्यायला लावली होती, तरी शेवट दिसायला लागला होता. मी रात्री-अपरात्री आईला फोन करायचे आणि तिच्या आवाजातला थकवा ऐकून आणखी घाबरायचे.

तेव्हा तुम्ही आईला जावक क्रमांक आणायला पाठवलंत. फक्त क्रमांक आणि तारीख. तो घेऊन ती दुसऱ्या कार्यालयात गेली, एकटी. तुमचे गुडघे तेव्हा फार दुखत होते म्हणून असेल, किंवा तिला आता जमेल याची तुम्हाला खात्री होती म्हणून असेल. तिथल्या एका तरुण लिपिक मुलीने तारखेवरून रजिस्टर चाळलं आणि दुसऱ्याच गठ्ठ्यात गेलेला अहवाल शोधून काढला. त्या मुलीचं नाव आम्हाला माहीत नाही. तिलाही माझा नमस्कार पोचावा.

राज्याचं प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी आई खूश होती आणि रडलीही. हे तुम्ही पाहिलंत, मी नाही. एकुलती एक मुलगी परत यायला बांधील नाही, असा कागद तिने स्वतः हिंडून मिळवला होता. आमच्याच नात्यातल्या काहींनी तिला विचारलं होतं, कशाला करतेस, अट आहे तर येऊ दे ना दोन वर्षं घरी, तुलाही सोबत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मलाही रात्री तेच वाटायचं. तुम्ही मात्र तिला काहीच सुचवलं नाहीत, कौतुकही केलं नाहीत आणि सांत्वनही नाही. आई सांगते, तुम्ही तो कागद दोनदा वाचलात, नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून पाहिलंत, आणि मग काकूंना म्हणालात, "आज वहिनी आपल्याकडे जेवतील." काकू, त्या जेवणासाठी तुमचे आभार वेगळे मानायचे आहेत. त्या दिवशी मी तिच्याजवळ नव्हते, तुम्ही होता.

पुढचं भराभर झालं. दिल्लीचं आणि पासपोर्ट कार्यालयाचं प्रमाणपत्र त्याच पद्धतीने मिळालं. भारतीय वकिलातीने 'ना हरकत' थेट वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे पाठवलं. ते अर्जदाराच्या हाती देत नाहीत. तिथून शिफारस झाली, आय-६१२ ची, म्हणजे अट माफ झाल्याची, मंजुरी आली आणि २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही ग्रीन कार्डचा अर्ज भरला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे इमिग्रेशनची कार्यालयं बंद झाली, ती जूनमध्ये हळूहळू उघडली. आमची मुलाखत झाली डिसेंबरमध्ये. तोवर लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, म्हणून दोन वर्षांचं सशर्त कार्ड न मिळता सरळ दहा वर्षांचं मिळालं. मुलाखतीच्या वेळी मी सगळे कागद तुमच्या पद्धतीने लावून नेले होते, वर यादी, प्रत्येकाला क्रमांक. अधिकाऱ्याने यादी बघितली आणि एकेक कागद मागत गेला. एकदाही शोधावं लागलं नाही.

आई आता सोसायटीतल्या बायकांचे अर्ज लिहून देते. विधवा पेन्शन, रेशन कार्डावरचं नाव, मालमत्ता करातली दुरुस्ती. तुमच्या वहीसारखीच तिची वही आहे. बाबा गेल्यानंतर ती घरात आक्रसत चालली होती, आणि इतक्या दुरून मला काही करता येत नव्हतं. ती पुन्हा बाहेर पडली ती या फायलीच्या निमित्ताने. ग्रीन कार्डाचे आभार मी एक वेळ शब्दांत मानू शकते. या दुसऱ्या गोष्टीचे कसे मानू ते मला खरंच कळत नाही, काका.

आता एक विनंती. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ती 'स्किल्स लिस्ट' बदलली आणि भारताचं नाव त्यातून गेलं, तेही आधी आलेल्यांना लागू होईल असं. त्यामुळे माझ्यासारख्यांपैकी बहुतेकांना आता हे कागद लागणार नाहीत, आणि याचा मला फार आनंद आहे. पण अट पूर्ण गेलेली नाही. सरकारी पैशावर आलेल्यांना ती आहे, आणि इथे रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातलं प्रशिक्षण, करणाऱ्या डॉक्टरांनाही आहे. एका डॉक्टर मुलीचा मला फोन आला होता. तिला मी सांगितलं की डॉक्टरांना 'ना हरकती'चा रस्ता खुला नाही, वकिलाकडेच जा. दुसरा एक मुलगा कोल्हापूरचा, भारत सरकारच्या फेलोशिपवर आलेला, इथल्याच मुलीशी लग्न झालेला. त्याचे वडील शेतकरी आहेत. मुंबईत त्यांचं कुणी नाही. कागद कुठून सुरू करायचे हे त्यांना कळत नाहीये, आणि फेलोशिपचे पैसे सरकारचे असल्यामुळे त्यांचं प्रकरण माझ्यापेक्षा अवघड आहे. मी त्यांना तुमचा नंबर दिलेला नाही. तुम्ही हो म्हणालात तर देते. तुमच्या गुडघ्यांना त्रास द्यायचा नाही. मंत्रालयापर्यंत त्यांच्याबरोबर आई जाईल, असं ती स्वतःहून म्हणाली आहे. तुम्ही फक्त पहिला अर्ज एकदा नजरेखालून घाला.

काकूंना नमस्कार. उत्तर आईकडे दिलंत तरी चालेल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची मुलगी