नोंदणी नाकारताना कारण लिहिणे बंधनकारक करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी बांधकामांसाठी कंत्राटदार म्हणून नोंदणी मागणाऱ्यांचे अर्ज ज्या रीतीने नाकारले जातात, तिच्याकडे आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधू इच्छितो. मी निवृत्त शाखा अभियंता असून ओळखीतल्या तरुण स्थापत्य अभियंत्यांना व पदविकाधारकांना हे अर्ज भरायला मदत करतो. त्यांतल्या एकाने वरच्या वर्गातील, म्हणजे मोठ्या रकमेच्या कामांसाठीच्या, नोंदणीसाठी अर्ज केला होता. जवळजवळ पाच महिन्यांनी त्याला एका वाक्याचे उत्तर आले की, अर्ज निकषांची पूर्तता करीत नसल्याने दप्तरी दाखल करण्यात येत आहे. कोणता निकष, याचा पत्रात उल्लेख नव्हता. सनदी लेखापालाचा उलाढालीचा दाखला, बँकेचे सॉल्व्हन्सी (आर्थिक कुवतीचे) प्रमाणपत्र, पूर्ण केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची यादी असे सारे त्याने जोडले होते. चौकशीला गेल्यावर एका टेबलावर उलाढाल कमी पडते असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या टेबलावर अनुभवाच्या दाखल्यावर योग्य अधिकाऱ्याची सही नसल्याचे. दोन्हींपैकी काहीही लेखी मिळाले नाही.

अपात्र माणसाला नोंदणी मिळू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शाळेच्या खोलीचा स्लॅब किंवा गावाजवळचा मोरीपूल कोणाच्या हाती सोपवायचा, हे ठरवताना कार्यालयाने कठोरच असले पाहिजे, आणि खोटे अनुभवदाखले जोडणाऱ्यांची गय करू नये. परंतु ज्या अधिकाऱ्याने कागद खरोखर तपासले आहेत, त्याला नकाराचे कारण दोन ओळींत लिहिणे जड जाण्याचे कारण नाही.

आपल्याकडील कायदा याबाबत संदिग्ध नाही. सरकारने अमुक एकाशी करार केलाच पाहिजे, असा कोणाचाही हक्क नाही. मात्र सरकार जेव्हा लोकांशी व्यवहार करायला उभे राहते, तेव्हा त्याला संविधानाच्या कलम 14 मधील समानतेचे बंधन पाळावेच लागते. काळ्या यादीत टाकण्यापूर्वी संबंधिताचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने इरुशियन इक्विपमेंट प्रकरणात 1974 मध्ये सांगितले. रमण दयाराम शेट्टी प्रकरण तर आपल्या मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेतून उद्भवले होते. 1979 च्या त्या निकालानुसार, पात्रतेचा जो निकष प्राधिकरणाने स्वतः जाहीर केला, तो त्याच्यावरही बंधनकारक असतो. एकाला तो लावायचा आणि दुसऱ्याला सूट द्यायची, असे चालत नाही. पण नकाराच्या पत्रात निकषाचे नावच नसेल, तर तो सर्वांना सारखा लावला की नाही, हे अर्जदाराने कशावरून तपासायचे?

याहून महत्त्वाचा मला मोहिंदर सिंग गिल प्रकरणातील 1977 चा निकाल वाटतो. सार्वजनिक अधिकाऱ्याचा आदेश वैध की अवैध, हे त्या आदेशात नमूद केलेल्या कारणांवरून ठरवायचे. न्यायालयात गेल्यावर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडून त्याला टेकू देता येत नाही. म्हणजे एका वाक्याचा नकार न्यायालयात टिकणे मुळातच अवघड असते. तरीही असे नकार बिनदिक्कत दिले जातात, कारण लहान कंत्राटदार न्यायालयापर्यंत पोहोचत नाही. संविधानाच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करायची, तर वकिलाची फी आणि खेपांचा खर्च आलाच. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने आमच्या सांगलीसह सहा जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचला, हे खरे. पण याचिका मान्य झाली, तरी न्यायालय सहसा स्वतः नोंदणी देत नाही. नकार रद्द करून अर्ज फेरविचारासाठी त्याच कार्यालयाकडे परत पाठवते. तोवर मार्चअखेरच्या निविदा निघून गेलेल्या असतात आणि पावसाळा तोंडावर आलेला असतो. आमच्या व्यवसायात वर्ष असेच बुडते.

म्हणून हे सुधारण्याची जागा कार्यालयातच आहे. माहितीच्या अधिकार अधिनियमाच्या कलम 4 नुसार, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे 2005 पासून प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. राज्याच्या 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांसाठी मुदत आहे, लेखी कारणांसह नकार आहे, 30 दिवसांत पहिले अपील आणि पुढे राज्याच्या सेवा हक्क आयोगापर्यंत जाण्याची वाटही आहे. कंत्राटदार नोंदणी करणाऱ्या प्रत्येक विभागाने, जिल्हा परिषदेने आणि महानगरपालिकेने याच चौकटीत काम करावे. त्रुटी असतील तर त्या एकाच पत्रात, एकाच वेळी कळवाव्यात. आज एक आणि महिन्याने दुसरी, असे करू नये. पूर्ततेसाठी ठरावीक दिवस द्यावेत. त्यानंतरही नकारच द्यायचा असेल, तर निकषाचा क्रमांक, अर्जदाराचा कोणता कागद त्यात कमी पडला आणि अपील कोणाकडे करायचे, हे त्याच पत्रावर छापलेले असावे.

सेवेत असताना अशा मोघम उत्तरांचे मसुदे मीही वरिष्ठांकडे सहीसाठी पाठवले आहेत. त्या वेळी तो एक निकाली निघालेला कागद वाटायचा. आज त्या तरुणाने कर्ज काढून घेतलेला काँक्रीट मिक्सर त्याच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे आणि आपल्या अर्जात नेमके काय कमी होते, हे त्याला अद्याप कोणी लेखी सांगितलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता, जि. सांगली